श्वाल्बे मॅरेथॉन प्लस : सराट्यांच्या मुलखातला टायर

नागपुरात पंक्चरचा हंगाम दिवाळीला सुरू होतो आणि मृग लागेपर्यंत चालतो. पावसाळ्यात रस्त्याकडेला पसरलेला सराटा ऑक्टोबरात वाळतो, त्याचं फळ फुटून पाच तुकडे होतात आणि प्रत्येक तुकड्याला दोन मोठे काटे असतात. तुकडा कसाही पडला तरी एक काटा वर तोंड करून बसतो. त्यात कुंपणासाठी धुऱ्यावरून ओढत नेलेल्या बाभळीच्या काट्या, वर्धा रोड-अमरावती रोडवर ट्रकच्या फुटलेल्या टायरांतून सुटलेल्या बारीक तारा, आणि सिमेंट रस्त्यांच्या कामावरून उडालेले बाइंडिंग वायरचे तुकडे. या सगळ्यावर हमखास सुचवला जाणारा सायकलचा टायर म्हणजे जर्मन कंपनी श्वाल्बेचा मॅरेथॉन प्लस.

मेक्सिकोत एकट्याने लांबचा दौरा करू पाहणारेही याच टायराबद्दल विचारतात. दोन्हीकडचं उत्तर बरंच जुळतं, कारण काटेही बरेच तेच आहेत. बाहा कॅलिफोर्नियात, म्हणजे मेक्सिकोच्या वायव्येकडच्या द्वीपकल्पात, ट्यूब फोडणारा ‘तोरितो’ म्हणजे आपला सराटाच, जुन्या जगातून तिकडे जाऊन माजलेला. उलट आपल्या रेल्वेलाइनच्या कडेला वाढणारी वेडी बाभूळ मूळची मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडची. हिशेब बरोबरीत सुटला म्हणायचा.

आधी निकाल सांगून टाकतो. रोज हिंगणा किंवा बुटीबोरीच्या एमआयडीसीत सायकलने जाणाऱ्याने आणि सामान लादून महिनोन्महिने डांबरी रस्त्याने फिरणाऱ्याने हा टायर डोळे मिटून घ्यावा. रविवारी सकाळी हलक्या सायकलवर रामटेकला जाऊन दहाच्या आत परतणाऱ्याने, किंवा २०० किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची राइड, साडेतेरा तासांत बसवणाऱ्याने घेऊ नये. त्याला तो ओझं वाटेल. मातीच्या वाटांवरच राहणाऱ्याचं काम वेगळं आहे, त्याबद्दल पुढे येतंच.

या टायरात विशेष काय, तर बाहेरचा रबर आणि आतलं कापड यांच्यामध्ये ५ मिलिमीटर जाडीचा मऊ, चिवट रबराचा निळसर थर आहे. कंपनी त्याला स्मार्टगार्ड म्हणते. साध्या मॅरेथॉनमध्ये हा थर ३ मिलिमीटरचा असतो आणि दोन मिलिमीटरचा हा फरकच सराट्याच्या बाबतीत निर्णायक ठरतो. सराट्याचा काटा बहुधा चार-सहा मिलिमीटरचा. वरचा रबर आणि हा थर मिळून त्याची लांबी संपवून टाकतात. काटा आत शिरतो, पण ट्यूबपर्यंत पोचायच्या आधीच खुंटतो. बाभळीचा काटा पाच सेंटीमीटरचाही असू शकतो, त्याच्याशी ही बरोबरी होत नाही. तो आडवा लागला तर मोडतो, उभा लागला तर आरपार जातो. ‘पंक्चर होतच नाही’ असं दुकानदार म्हणाला तर एवढी सूट मनात धरावी.

वजन हा पहिला तोटा. ७००सीचा (हे चाकाचं माप, त्याबद्दल पुढे) ३७ मिलिमीटर रुंदीचा एक टायर सुमारे ९०० ग्रॅम भरतो, २६ इंची १.७५ चा किलोच्या आसपास. आपल्याकडच्या हायब्रिड सायकलींवर येणाऱ्या बऱ्याच टायरांपेक्षा जोडीमागे पाऊण किलो तरी जास्त, आणि तेही चाकाच्या परिघावर. सिग्नलवरून निघताना ते जाणवतं. व्हेरायटी चौक ते झिरो माइल एवढ्यात चार वेळा थांबून निघालात की चांगलंच जाणवतं. पंचवीस किलो सामान लादलेल्या सायकलवर मात्र ते कुठे हरवलं हे कळतही नाही. म्हणून याच्याबद्दल मत देणारा सायकल कशासाठी वापरतो, हे आधी विचारून घ्यावं.

मापाचा घोळ होतो तो इथे. नागपुरातल्या सायकलच्या दुकानात ‘अठ्ठावीसचा टायर’ मागितला की मिस्त्री जुन्या काळ्या सायकलचा अठ्ठावीस बाय दीड काढतो. त्याच्या रिमचं माप ६३५ मिलिमीटर. श्वाल्बेच्या टायरवर ‘२८ × १.४०’ छापलेलं असतं ते ६२२ मिलिमीटरच्या रिमसाठी, म्हणजे आपण ज्याला ७००सी म्हणतो त्यासाठी. तेरा मिलिमीटरचा फरक कुठल्याही जोराने भरून निघत नाही. ‘२६’ मध्येही असेच दोन भाऊ आहेत : माउंटन बाइकचा ५५९ चा आणि लेडीज सायकलचा, २६ बाय एक-तीन-अष्टमांशचा, ५९० चा. ऑनलाइन मागवताना इंचांकडे बघूच नये. जुन्या टायरच्या बाजूवर ३७-६२२ किंवा ४७-५५९ अशी जोडी कोरलेली असते. त्यातला दुसरा आकडा जुळला पाहिजे, पहिला थोडा मागेपुढे चालतो. किती मागेपुढे ते फ्रेम ठरवते. टायर आणि मडगार्ड यांच्यात निदान बोटभर जागा हवी, नाहीतर उमरेड-भिवापूरकडच्या पांदणीत पावसाळ्यात काळी माती अशी भरते की चाक फिरायचंच थांबतं.

आता बसवणं. या टायराला शिव्या पडतात त्या याच कामावरून, आणि त्यातल्या निम्म्या तरी वाजवी आहेत. जाड थरामुळे टायर नवा असताना ताठ असतो. एक बाजू रिमवर बसवली की दुसरीकडून उसळून बाहेर येतो. घाई केली तर ट्यूब टायर चढवायच्या लिव्हरमध्ये चिमटते, आणि पंक्चर होत नाही म्हणून घेतलेला टायर पहिल्याच दिवशी घरात पंक्चर होतो.

टायर अर्धा तास गच्चीवर उन्हात ठेवावा. एप्रिल-मेमध्ये दहा मिनिटं पुरतात. रिमची पट्टी आधी तपासावी, आऱ्यांच्या टोकांवरून ती सरकलेली असेल तर टायर कितीही भारी असला तरी ट्यूब आतल्या बाजूने फुटणार. बाजूवरचा बाण चाक फिरण्याच्या दिशेला ठेवून टायरची एक कड पूर्ण बसवावी. ट्यूबमध्ये ती फक्त गोल होईल एवढी हवा भरून आत घालावी. दुसरी कड वॉल्वच्या बरोबर समोरून बसवायला घ्यावी आणि दोन्ही हातांनी दोन्हीकडून पुढे सरकत वॉल्वपाशी संपवावी. बरेच मिस्त्री उलट करतात, वॉल्वपासून सुरुवात करतात, आणि मग शेवटची वीतभर कड काही केल्या चढत नाही. कारण सरळ आहे. रिमच्या मधोमध एक खोल खाच असते. कड त्या खाचेत उतरली की पलीकडे ढील मिळते. वॉल्वच्या जागी ट्यूबचं बूड आडवं येतं, तिथे कड खाचेत उतरत नाही. म्हणून तो भाग शेवटी.

तरीही शेवटची वीतभर राहतेच. तेव्हा आधी बसलेली कड उसळू नये म्हणून दोन ठिकाणी रिम आणि टायर मिळून पट्ट्याने, नाहीतर सुतळीने, आवळून बांधावेत. कडेला साबणाचं पाणी लावावं, आणि समोरच्या बाजूपासून अंगठ्यांनी टायर दाबत दाबत सगळी ढील राहिलेल्या भागाकडे आणावी. मग तळहाताने चढते. चढलीच नाही तर प्लॅस्टिकचा लिव्हर, तोही एका वेळी दोन बोटांएवढ्याच अंतरावर. स्क्रू-ड्रायव्हर किंवा मोटारसायकलचा लोखंडी पाना हातात घेतलेल्या मिस्त्रीला तिथेच थांबवावं. ट्यूब तर जातेच, ॲल्युमिनियमच्या रिमची कडही वाकते. शेवटी वॉल्व आत ढकलून परत ओढावा, चिमटलेली ट्यूब सुटते. वीस पीएसआय भरून टायरच्या बाजूची बारीक रेघ रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर आहे का ते बघावं. सारखी नसेल तर हवा सोडून तो भाग हाताने मळावा आणि परत भरावी. पहिल्या खेपेला एका चाकाला अर्धा-पाऊण तास धरून चालावं. काहीशे किलोमीटर चालल्यावर टायर सैलावतो, मग हेच काम दहा-पंधरा मिनिटांत होतं. म्हणून लांबच्या दौऱ्याला निघताना विमानाच्या आदल्या दिवशी नवा टायर चढवू नये. महिनाभर आधी चढवून शहरात वापरावा आणि एकदा मुद्दाम काढून परत बसवून बघावा.

हवेबद्दल. टायरच्या बाजूवर किमान-कमाल दाब छापलेला असतो, त्याच्या बाहेर जाऊ नये. पंचाहत्तर किलोचा माणूस, वीस-पंचवीस किलो सामान आणि ३७ मिलिमीटरचा टायर असेल तर मागे ७० आणि पुढे ५५ पीएसआयपासून सुरुवात करावी. सामान नसेल तर दोन्हीकडे दहा-दहा कमी, पण छापलेल्या किमानाच्या खाली नाही. नागपूरच्या उन्हाची भीती लोक जरा जास्तच घालतात. सकाळी ३० अंशांना ६० पीएसआय भरलेला टायर दुपारी उन्हात उभा राहून आतली हवा ६० अंशांपर्यंत तापली, तरी दाब ६७ च्या आसपास जातो. टायर त्याने फुटत नाही. फुटतं ते आधीच चिरलेलं किंवा नीट न बसवलेलं. मेक्सिकोत समुद्रकाठावरून पठारावर चढतानाही तेच. मेक्सिको सिटी २,२४० मीटरवर आहे, तिथे बाहेरची हवा विरळ म्हणून टायरमधला दाब तीन-साडेतीन पीएसआयने वाढलेला दिसतो. हवा सोडायची गरज नाही.

ओल्या रस्त्यावर पकड ठीक, फार चांगली नाही. पहिल्या पावसात रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्यांवर आणि उड्डाणपुलांच्या लोखंडी जोडांवर वळताना जपावं. नागपूरच्या सिमेंट रस्त्यांच्या लांबलचक जोडफटीत मात्र ३७ चा टायर अडकत नाही. २५-२८ मिलिमीटरचा अडकतो आणि माणूस आडवा होतो. सिमेंटचा रस्ता आणि कडेची माती यांच्यात जी वीतभर पायरी सोडून दिलेली असते, तिच्यावर कुठल्याही टायरने तिरकस चढायला जाऊ नये.

मेक्सिकोच्या दौऱ्यात हा टायर रोज काय काम करतो, ते बाहाच्या उदाहरणाने नीट कळतं. तिहुआनापासून काबो सान लुकासपर्यंत जाणारा मेक्स-१ हा महामार्ग १९७३ मध्ये पूर्ण झाला. लांबी सुमारे १,७०० किलोमीटर, बऱ्याच भागात दोनच पदरी आणि बाजूपट्टी जवळजवळ नाही. एल रोसारिओ ते गेरेरो नेग्रो हा टप्पा साडेतीनशे किलोमीटरच्या आसपासचा, वाळवंटातला. मध्ये कातावीन्या सोडलं तर वस्ती विरळ, पेट्रोल पंपाचाही भरवसा नाही. दिवसाला सत्तर-ऐंशी किलोमीटर धरले तर चार-पाच दिवस, आणि रोज सहा-आठ लिटर पाणी सोबत. भर दुपारी सावली नसताना पंक्चर काढायला पाऊण तास बसलात, तर तेवढ्यात अर्धा-पाऊण लिटर पाणी पोटात जातं आणि ते हिशेबात धरलेलं नसतं. जाड टायरचे जास्तीचे पैसे वसूल होतात ते इथे.

पण तिथली बरीच पंक्चरं रस्त्यावर होतच नाहीत. संध्याकाळी तंबूसाठी जागा शोधताना सायकल रस्त्यावरून खाली उतरवून दोनशे पावलं ढकलत नेली जाते आणि त्या दोनशे पावलांत टायर काटे गोळा करतो. सकाळी उठून बघावं तर चाक बसलेलं. उपाय एकच : सामान उतरवून सायकल उचलून न्यावी, निदान मागचं चाक तरी. हे शक्य नसेल तर वाहनांची जुनी चाकोरी धरावी, झुडपांमधून जाऊ नये. आपल्याकडे धुऱ्यावर सायकल टेकवून झाडाखाली जेवायला बसणाऱ्यांचंही नेमकं हेच होतं.

त्यामुळे रोज रात्री डोक्याचा दिवा लावून दोन्ही चाकं हळूहळू फिरवायची आणि टोकदार चिमट्याने रुतलेलं सगळं काढायचं, हे पाच मिनिटांचं काम या टायरला चुकत नाही. उलट इथे ते जास्त गरजेचं आहे. साध्या टायरात काटा लागला की हवा जाते आणि लगेच कळतं. यात काटा किंवा ट्रकच्या टायरची तार अर्ध्यात थांबते, काहीच कळत नाही, आणि प्रत्येक फेऱ्याबरोबर ती थोडी थोडी आत सरकत राहते. पंधरा दिवसांनी पंक्चर होतं तेव्हा बाहेरून काहीच दिसत नाही. अशा वेळी ट्यूबवरचं भोक वॉल्वपासून किती अंतरावर आहे ते मोजून टायरची तीच जागा आतून कापसाचा बोळा फिरवून तपासावी. तारेचं टोक कापसाचे तंतू पकडतं, बोटात घुसायच्या आधी. चोया नावाच्या निवडुंगाचे उलट्या दातांचे काटे असतील तर बोटं लावूच नयेत. कंगवा घालून गड्डा उडवावा. हे काटे दोन-तीन सेंटीमीटरचे असतात, स्मार्टगार्ड त्यांना प्रत्येक वेळी रोखेल असं नाही.

आणखी दोन गोष्टींपुढे हा टायर साध्या टायरइतकाच दुबळा आहे. एक म्हणजे तोपे. मेक्सिकोत गावाच्या तोंडाशी, मधे आणि शेवटी हे गतिरोधक असतात, बरेचदा पाटीही नसते. सामान लादलेलं मागचं चाक कमी हवेत त्यावर आदळलं की ट्यूब रिम आणि टायरमध्ये चेचते आणि शेजारीशेजारी दोन चिरा पडतात. बाहेरच्या थराचा यात काहीच संबंध येत नाही. ज्यांना नागपूरच्या गल्लीबोळांतल्या ब्रेकरांची सवय आहे, त्यांना वेगळं सांगायला नको. दुसरी गोष्ट म्हणजे बाजूची भिंत. थर फक्त रस्त्याला लागणाऱ्या भागाखाली आहे. धारदार दगडाने बाजू फाटली तर फाटली. यासाठी जुन्या टायरचा बोटभर लांबीचा तुकडा सोबत ठेवावा, ट्यूब आणि चिरेच्या मध्ये घालून पुढच्या गावापर्यंत जाता येतं.

ट्यूब निवडताना मोटारसायकलसारखा जाड वॉल्व घ्यावा, ज्याला श्रेडर म्हणतात. त्याला आपल्या पेट्रोल पंपावर हवा मिळते, पंक्चरवाल्याकडे मिळते, आणि मेक्सिकोत गावोगावी असणाऱ्या यांतेरात, म्हणजे तिथल्या पंक्चरच्या दुकानातही मिळते. रिमला बारीक प्रेस्टा वॉल्वचं ६.५ मिलिमीटरचं भोक असेल तर ते साडेआठचं करून घेता येतं. अरुंद रिमवर ते करू नये. सोबत दोन नव्या ट्यूब, दहा-बारा पॅच, सोल्युशनच्या दोन छोट्या ट्यूब (उघडलेली ट्यूब महिन्याभरात सुकते, उन्हाळ्यात त्याआधीच), चांगला पंप आणि तीन प्लॅस्टिक लिव्हर. पॅच लावताना सोल्युशन पातळ लावून ते ओलं दिसेनासं होईपर्यंत थांबायचं. ओल्यावर चिकटवलेला पॅच उष्णतेने सुटतो. नागपूरच्या मे महिन्यात सुटणाऱ्या बऱ्याच पॅचांचं कारण हेच असतं.

जादा टायर सोबत ठेवण्याचा प्रश्न अवघड आहे. याच्या कडेत तार असते, तो घडी होत नाही. तिपदरी वेटोळं करून कॅरिअरवर बांधता येतो, पण किलोभर वजन वागवायचं. त्यापेक्षा घडीचा हलका टायर एक न्यावा, किंवा २६ इंचीची सायकल असेल तर काहीच नेऊ नये. ५५९ चे टायर-ट्यूब मेक्सिकोत लहान गावांतही सापडतात. ७००सीचे रुंद टायर ला पास, मासात्लान, ग्वादालाहारासारख्या मोठ्या शहरांतच बघावे. मेक्सिको सिटीत सान पाब्लो नावाचा रस्ता सायकलच्या दुकानांनीच भरलेला आहे.

पक्का रस्ता सोडून बाहा डिव्हाइडवर, म्हणजे २,७०० किलोमीटरच्या मातीच्या वाटेवर जायचं असेल तर हा टायर नकोच. तिथल्या वाळूत ३७ मिलिमीटर नांगरासारखा रुततो. तीन इंची ट्यूबलेस टायर आणि आत सीलंट, म्हणजे भोक आतून बुजवणारं द्रव, हीच तिथली रीत. तेच टायर घेऊन नागपुरात परत आलात तर मात्र उन्हाळ्यात दर दोन महिन्यांनी सीलंट तपासावं, आत सुकून त्याची पापडी होते.

किंमत देशी टायरच्या कितीतरी पट आहे आणि दुकानागणिक बदलते. मॅरेथॉन घराण्याचे टायर साधारण ६,००० ते १२,००० किलोमीटर चालतात असं कंपनी सांगते. सामान लादलेल्या सायकलवर मागचा लवकर झिजतो, म्हणून अर्ध्या वाटेवर पुढचा-मागचा बदलून घ्यावा. वरच्या रबरातून निळा थर दिसायला लागला की टायर संपला. त्यानंतरही तो काही दिवस पंक्चर न होता चालतो, म्हणून लोक तसाच रेटतात. पण तो थर रस्त्यावर घासायला बनवलेला नाही, ओल्या सिमेंटवर ब्रेक दाबला की लगेच कळतं.